वायरलेस इंटरनेटचा व्यवसाय सुरू करताना शिकायचे कुठे आणि मदत मागायची कोणाकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांना घरच्या आणि कार्यालयातल्या नेटवर्कची बरी माहिती आहे. जवळच्या वस्तीत केबलचे किंवा फायबरचे इंटरनेट पोहोचलेले नाही. एका उंच इमारतीचे मालक छतावर अँटेना लावू द्यायला तयार आहेत, आणि उपकरणे विकणाऱ्या एका कंपनीने दोन दिवसांच्या प्रशिक्षणासह ‘सगळे काही आमच्याकडून’ असा प्रस्ताव दिला आहे. तो स्वीकारावा का, नसल्यास प्रशिक्षण कुठे घ्यावे, आणि काम सुरू झाल्यावर अडचण आली तर मदत कोण करील, असे त्यांनी विचारले आहे. शेवटी सल्लागार नेमण्याबद्दलही विचारले आहे.

मी हे काम बरीच वर्षे करतो आहे आणि या काळात काही नवख्यांना हाताशी धरून शिकवलेही आहे. तो प्रस्ताव आत्ता स्वीकारू नका, असे माझे मत आहे. पहिला रेडिओ, म्हणजे अँटेनातून लहरी पाठवणारे आणि घेणारे उपकरण, विकत घेण्याआधी किमान तीन महिने, आणि जमत असेल तर सहा महिने, दुसऱ्या कोणाच्या तरी चालू नेटवर्कवर उमेदवारी करा. अभ्यासक्रम, प्रमाणपत्रे, परिषदा आणि सल्लागार या सगळ्यांचा उपयोग आहे. पण ज्याने एकदाही रात्री बंद पडलेली लिंक, म्हणजे दोन रेडिओंमधली जोडणी, स्वतःच्या हाताने उभी केलेली नाही, त्याला अभ्यासक्रमातले काय महत्त्वाचे आणि काय बिनमहत्त्वाचे हेच कळत नाही.

बाहेरून हा एकच व्यवसाय दिसतो, पण त्यात चार वेगवेगळ्या विद्या आहेत. एक रेडिओची, म्हणजे लहरी कशा पसरतात आणि कशाने अडतात याची. दुसरी राउटिंगची, म्हणजे शेकडो ग्राहकांची वाहतूक कोणत्या वाटेने न्यायची याची. तिसरी उंचीवरच्या कामाची आणि विजेची. चौथी हिशेबाची आणि ग्राहक सांभाळण्याची. संगणकाच्या क्षेत्रातून येणारा माणूस दुसऱ्या विद्येच्या बळावर आत शिरतो, पहिली दोन दिवसांत येईल असे धरून चालतो, तिसरी मजुरांवर सोपवतो आणि चौथीचा विचार पहिले बिल थकल्यावर करतो. तुमच्या प्रश्नावरून तुम्हीही याच वाटेवर आहात असे मला वाटते, आणि म्हणूनच मी हे उत्तर इतके सविस्तर लिहितो आहे.

उमेदवारीसाठी असा सेवादार, म्हणजे इंटरनेट सेवा विकणारा व्यावसायिक, शोधा, ज्याचे क्षेत्र तुमच्या नियोजित क्षेत्रापासून इतके दूर आहे की तुम्ही त्याचे प्रतिस्पर्धी होऊच शकत नाही. त्याला स्पष्ट सांगा की तुम्हाला हाच व्यवसाय दुसरीकडे करायचा आहे. हे लपवून काम मिळवणारे मी पाहिले आहेत, आणि पुढे ज्यांची मदत आयुष्यभर लागणार होती त्याच माणसांचा विश्वास त्यांनी पहिल्याच वर्षी गमावला. छोट्या सेवादाराकडे माणसे कायम कमी असतात. तुम्ही जोडणीला हाताखाली जाल, तक्रारींची नोंद ठेवाल, कोणत्या खांबावर कोणते उपकरण आहे याचे अर्धवट राहिलेले कागद पूर्ण कराल, असे म्हटले तर बहुतेक जण दार उघडतात. नोंदींचे काम कंटाळवाणे वाटेल, तरी ते आवर्जून मागून घ्या, कारण संपूर्ण नेटवर्क कसे गुंफलेले आहे हे त्या कागदांमधूनच समजते.

तिथे असताना काही प्रसंग चुकवू नका. रात्री आठ ते अकरा या वेळेत निरीक्षणाच्या पडद्यासमोर बसा, कारण नेटवर्कची खरी परीक्षा त्याच तासांत होते. जोराच्या पावसानंतरच्या दिवशी तक्रारींचे फोन स्वतः घ्या. एका ग्राहकाची जोडणी पाहणीपासून पहिल्या बिलापर्यंत सोबत राहून पाहा. आणि सेवा सोडून जाणाऱ्या एका तरी ग्राहकाशी, मालकाच्या परवानगीने, निवांत बोला.

उमेदवारीत काय मिळते याचे एक उदाहरण देतो. मी शिकत होतो तेव्हा एक अनुभवी तंत्रज्ञ कनेक्टर नेहमी जमिनीवरच बसवत असे आणि टेस्टरवर आठही तारा तपासूनच वर चढत असे. वर गेल्यावर रेडिओतून बाहेर पडणारी केबल तो सरळ खांबाला न बांधता आधी वीतभर खाली सोडून, तिला वळसा देऊन, मग खांबाला बांधायचा, आणि बांधताना पट्टी इतकीच ओढायचा की केबलचे वरचे आवरण दबणार नाही. वळशाचे कारण विचारले तेव्हा त्याने वळशाच्या तळाशी बोट ठेवले आणि म्हणाला, “पाणी इथून गळते. हा वळसा नसला तर ते केबलवरून घसरत थेट रेडिओत शिरते.” पुढे स्वतःचे नेटवर्क उभारल्यावर पावसाळी बिघाडांच्या मागे लागलो असताना, घाईत लावलेल्या ज्या चार-पाच ठिकाणी हा वळसा द्यायचा राहिला होता नेमक्या त्याच ठिकाणी पोर्ट गंजलेले मला सापडले.

आता रेडिओकडे येतो, कारण नवखा माणूस सर्वांत जास्त पैसा इथेच वाया घालवतो. किमान दोन गणिते तुम्हाला कागदावर करता आली पाहिजेत. पहिले लिंक बजेटचे, म्हणजे पाठवलेला सिग्नल समोर किती पोहोचेल याचे. मोकळ्या अवकाशात लहरींची जी घट होते ती काढण्यासाठी अंतर किलोमीटरमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये घ्यायची, दोन्हींच्या लॉगॅरिदमला (पाया १०) २० ने गुणायचे, ते एकत्र करायचे आणि त्यात ३२.४ मिळवायचे. ५ किलोमीटर आणि ५८०० मेगाहर्ट्झसाठी ही घट सुमारे १२१.७ डेसिबल येते. समजा मनोऱ्यावरच्या रेडिओची शक्ती २० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप) आहे, त्याच्या सेक्टर अँटेनाचा, म्हणजे एका बाजूचा भाग व्यापणाऱ्या अँटेनाचा, लाभ (लहरी एका दिशेला एकवटल्याने होणारी वाढ) १६ डेसिबल आहे आणि ग्राहकाच्या छोट्या डिशचा २३ डेसिबल. तर ग्राहकाकडे सुमारे उणे ६३ डीबीएम सिग्नल यायला हवा (उणेपुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल दुबळा). अंतर दुप्पट केले की यातून ६ डेसिबल वजा होतात. एवढे गणित केलेले असले की लिंक उभारल्यावर ती जशी असायला हवी तशी आहे की नाही हे लगेच कळते.

दुसरे गणित फ्रेनेल क्षेत्राचे. समोरचा मनोरा दुर्बिणीतून स्पष्ट दिसला म्हणजे वाट मोकळी आहे असे नसते. दोन अँटेनांच्या मध्ये लांबट फुग्याच्या आकाराचे एक क्षेत्र असते आणि त्याचा मधला भाग बऱ्यापैकी मोकळा असावा लागतो. ५ किलोमीटरच्या लिंकसाठी ५.८ गिगाहर्ट्झला या फुग्याची मध्यावरची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते, आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे जवळपास ५ मीटर, अडथळ्यांपासून मोकळा हवा.

हे मी फार महाग शिकलो. सुरुवातीच्या काळात साधारण एवढ्याच अंतराची एक लिंक मी पानगळीच्या दिवसांत उभारली. सिग्नल उत्तम होता. दोन-तीन महिन्यांनी तो हळूहळू खाली येऊ लागला आणि शेवटी उणे ७८ वर जाऊन थांबला. मी रेडिओ बदलला, केबल बदलली, फर्मवेअर (रेडिओतला प्रोग्राम) बदलले, अँटेना पुन्हा नेमकी वळवली, आणि हे सगळे करून झाल्यावर पुन्हा एक रेडिओ बदलला. अखेर ज्यांच्याकडे मी उमेदवारी केली होती त्यांना फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, “गणितानुसार किती यायला हवा होता?” मी गणित केलेलेच नव्हते. मग ते म्हणाले, “मार्गाच्या मध्यावर जाऊन उभा राहा आणि वर बघ.” तिथे झाडांची एक रांग होती. लिंक उभारताना त्यांवर नुसत्या फांद्या होत्या, आता दाट पालवी आली होती, आणि पानांतले पाणी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी चांगल्याच शोषून घेते. दोन्ही टोकांची उपकरणे सुरुवातीपासून ठणठणीत होती. पुढे तिसऱ्या छतावरून दोन टप्प्यांत मार्ग काढावा लागला. पाहणीच्या दिवशी त्या रांगेखालून एक फेरी मारली असती तर दोन रेडिओंचे पैसे आणि तिथल्या ग्राहकांचा रोष हे दोन्ही वाचले असते.

लांब अंतराबद्दल नवख्यांच्या मनात एक चुकीची भीती असते, म्हणून हेही सांगतो. २००७ मध्ये एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलात दोन डोंगरांमध्ये ३८२ किलोमीटरची वाय-फाय लिंक जोडून दाखवली होती. मध्ये काही अडवत नसेल तर साधी उपकरणेही फार लांब पोहोचतात. उलट ३०० मीटरवरचे घर झाडांच्या आड असेल तर महागडा रेडिओही हात टेकतो.

रेडिओच्याच बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी दोन दिवसांच्या प्रशिक्षणात सहसा कोणी सांगत नाही, कारण ती सांगितली तर विक्री कमी होते. मनोऱ्यावरच्या एका सेक्टरवरचे सगळे ग्राहक एकच हवा वाटून घेतात, आणि तिथे वाटला जातो तो वेळ. ८०२.११एसी या वाय-फाय मानकाच्या, एकाच वेळी दोन धारांत माहिती पाठवणाऱ्या रेडिओत ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर सर्वोत्तम सिग्नल असलेला ग्राहक सेकंदाला ४०० मेगाबिट या दराने बोलतो, तर अगदी दुबळा सिग्नल असलेला ३० च्या आसपास. म्हणजे तेवढाच मजकूर पोहोचवायला दुसरा तेरापट वेळ खातो, आणि तो वेळ बाकीच्या सगळ्यांच्या वाट्यातून जातो. शिवाय खोक्यावर छापलेला ४०० चा आकडा हवेतला असतो. येणे-जाणे एकाच चॅनेलवर होत असल्याने आणि प्रत्येक निरोपाची पोच द्यावी लागत असल्याने प्रत्यक्ष हातात साधारण निम्माच येतो. म्हणून दुबळा सिग्नल असलेल्या ग्राहकाला ‘सध्या जोडणी देता येणार नाही’ असे नम्रपणे सांगता येणे हे या धंद्यातले मोठे कौशल्य आहे. सुरुवातीला प्रत्येक ग्राहक हवासा वाटतो, आणि मी स्वतः असे चार-पाच ग्राहक घेऊन एक चांगला सेक्टर नासवला आहे.

नेटवर्किंगचे शिक्षण त्या मानाने सहज उपलब्ध आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात लिहितो. लॅटव्हियाच्या मिक्रोटिक कंपनीची उपकरणे छोट्या सेवादारांमध्ये जगभर वापरली जातात, आणि त्यांच्या एमटीसीएनए या पायाभूत अभ्यासक्रमापासून सुरुवात करणे योग्य आहे. तो झाल्यावर राउटिंगचा आणि वायरलेसचा असे पुढचे अभ्यासक्रम घेता येतात. प्रमाणपत्र तीन वर्षे ग्राह्य असते. एखाद्या कंपनीच्या चौकटीत न अडकता वायरलेसचा पाया पक्का करायचा असेल तर सीडब्ल्यूएनए हा अभ्यासक्रम चांगला आहे. ऑरेगॉन विद्यापीठातली एनएसआरसी ही संस्था १९९२ पासून जगभरच्या नेटवर्क अभियंत्यांना शिकवत आली आहे आणि तिचे प्रशिक्षण-साहित्य विनामूल्य खुले आहे. आयपी पत्ते वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्थांपैकी एपनिक आणि राइप एनसीसी यांचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनामूल्य आहेत, आणि त्यातले आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) व बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) यांवरचे धडे मी माझ्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला करायला लावतो.

पण धडे नुसते पाहून काही होत नाही. एका जुन्या संगणकावर मिक्रोटिकचा सीएचआर हा आभासी राउटर टाका. त्याच्या विनामूल्य आवृत्तीत प्रत्येक इंटरफेसला सेकंदाला १ मेगाबिटचीच मर्यादा असते, पण सरावाला तेवढे पुरते. असे चार-पाच राउटर एकमेकांना जोडा, त्यांवर ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी आपसांत वाट ठरवण्याची पद्धत, चालवा, मग मधली एक लिंक मुद्दाम तोडा आणि वाहतूक दुसऱ्या वाटेने किती वेळात वळते ते घड्याळ लावून पाहा. व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्के), पीपीपीओई (ग्राहकाने नाव-पासवर्ड देऊन जोडले जाणे), रेडियस सर्व्हरवरून ग्राहकाची ओळख पटवणे आणि त्याच्या योजनेनुसार वेग ठरवणे, हे सगळे घरात बसून करता येते. संपूर्ण नेटवर्क एकाच ब्रिजमध्ये, म्हणजे मध्ये राउटिंग न करता एकसंध, ठेवण्याचा मोह आधीच टाळा. वीस ग्राहकांपर्यंत ते छान चालते, आणि मग एके दिवशी कोणाच्या तरी घरात राउटरची केबल चुकीच्या पोर्टमध्ये खोचली जाते आणि अख्खी वस्ती बंद पडते.

पत्त्यांचा विचारही आत्ताच करा. आयपीव्ही४ पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, त्यामुळे नव्या सेवादाराला बहुतेक वेळा सीजीनॅट, म्हणजे एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटणे, करावे लागते. त्यासाठी १००.६४.०.० पासून सुरू होणारी खास श्रेणी राखून ठेवलेली आहे, ती वापरा. सोबत पहिल्या दिवसापासून आयपीव्ही६ द्या आणि कोणत्या वेळी सामायिक पत्त्यावरचा कोणता पोर्ट क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता याच्या नोंदी तुमच्या कायद्यानुसार ठेवायची व्यवस्था करा. तपासयंत्रणेचे पत्र येईपर्यंत याची आठवण बहुतेकांना होत नाही.

उंचीवरच्या कामाबद्दल मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. ही विद्या व्हिडिओ पाहून किंवा दुसऱ्याचे बघून शिकायची नाही. तुमच्या देशात मान्य असलेल्या संस्थेकडून उंचीवर काम करण्याचे आणि अडकलेल्या माणसाला खाली उतरवण्याचे, असे दोन्ही प्रशिक्षण रीतसर घ्या. संपूर्ण अंगाचा पट्टा, दोन आकड्यांची दोरी, म्हणजे एक आकडा सोडताना दुसरा कायम अडकवलेला राहील अशी रचना, आणि खाली एक प्रशिक्षित सोबती, यांपैकी काहीही कमी असेल तर त्या दिवशी चढायचे नाही. सोबती फक्त साहित्य पोहोचवण्यासाठी नसतो. पट्ट्यात नुसता लोंबकळत राहिलेला शुद्ध हरपलेला माणूस थोड्याच वेळात दगावू शकतो, आणि त्याला उतरवायचे कसे हे खाली उभ्या असलेल्याला येत असले पाहिजे. ग्राहक कितीही रागावला असला तरी विजा चमकत असताना किंवा अंधारात चढू नका. तुम्ही स्वतः चढणार नसाल आणि कंत्राटदाराला पाठवणार असाल तरीही हे प्रशिक्षण घ्या, कारण तो चुकीचे करतो आहे हे ओळखून काम थांबवण्याची जबाबदारी तुमचीच असते. अर्थिंग आणि वीजसंरक्षण परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडून करून घ्या आणि ते होत असताना शेजारी उभे राहून प्रश्न विचारा.

कायद्याची बाजू देशागणिक बदलते, म्हणून दुसऱ्या देशातल्या माणसाचा सल्ला इथे जसाच्या तसा घेऊ नका. वायरलेस नेटवर्कसाठी परवानामुक्त वारंवारता-पट्ट्यांची सुरुवात अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९८५ मध्ये केली आणि पुढे बहुतेक देशांनी तो मार्ग आपापल्या नियमांनी स्वीकारला. पण ते नियम एकसारखे नाहीत. ५.८ गिगाहर्ट्झमध्ये एका मनोऱ्यावरून अनेक ग्राहकांना सेवा देताना अमेरिकेत अँटेनासह ३६ डीबीएमपर्यंत शक्ती चालते, तर युरोपात ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मर्यादा ३० डीबीएमची आहे. म्हणून रेडिओतली देशाची निवड खरी ठेवा. पट्टा परवानामुक्त असला तरी इंटरनेट सेवा विकायला वेगळा परवाना किंवा नोंदणी लागू शकते, आणि या दोन गोष्टींची गल्लत नवखे हमखास करतात. ५ गिगाहर्ट्झच्या मोठ्या भागात हवामानाची आणि इतर रडारे चालतात. तिथे रेडिओने आधी निदान ६० सेकंद कानोसा घ्यायचा असतो आणि रडार आढळले तर तो चॅनेल ३० मिनिटे सोडायचा असतो. डीएफएस नावाची ही सोय बंद करून देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून दुसरेही काही शिकू नका. विमानांना धोका होतो आणि तुमचा परवानाही जाऊ शकतो. नियामकाच्या कार्यालयात स्वतः जा, लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

आता मदतीबद्दल. या व्यवसायात सर्वांत मोलाची मदत इतर सेवादारांकडून मिळते. अमेरिकेत २००४ पासून विस्पा ही वायरलेस सेवादारांची संघटना आहे, दक्षिण आफ्रिकेत वापा आहे. तुमच्या देशात अशी संघटना असेल तर पहिल्या वर्षीच सभासद व्हा, आणि परिषदेला गेलात तर विक्रेत्यांच्या दालनांपेक्षा चहाच्या वेळेत जास्त थांबा. कॅटलोनियातले गुइफी हे २००४ मध्ये सुरू झालेले सामूहिक नेटवर्क ३० हजारांहून अधिक नोडपर्यंत, म्हणजे जोडलेल्या ठिकाणांपर्यंत, वाढले. ते नफ्यासाठी चालत नसले तरी त्यांनी खर्च आणि जबाबदारी कशी वाटून घेतली हे वाचण्यासारखे आहे.

मात्र मदत मागण्याचीही रीत आहे. “नेट स्लो आहे, काय करू?” असा निरोप मला आठवड्यातून दोन-तीनदा येतो आणि त्याला उपयोगी उत्तर देणे कोणालाच शक्य नसते. असे लिहा : ‘अंतर २.४ किलोमीटर, ५.८ गिगाहर्ट्झ, चॅनेल ४० मेगाहर्ट्झ. गणितानुसार सिग्नल उणे ५७ यायला हवा, येतो उणे ५८. दिवसा इतर लहरींचा गोंगाट उणे ९२ आहे, सायंकाळी सातनंतर उणे ७९ होतो. केबल बदलून पाहिली, फरक नाही. वर्णपटाचे (कोणत्या वारंवारतेवर किती गोंगाट आहे याचे) सकाळचे आणि रात्रीचे चित्र सोबत आहे.’ हा निरोप वाचणारा अनुभवी माणूस एका मिनिटात सांगेल की सिग्नल ठीक आहे, सायंकाळी दुसऱ्या कोणाचे तरी रेडिओ त्या चॅनेलवर बोलू लागतात, तेव्हा चॅनेल अरुंद करा किंवा बदला. आणि उत्तर मिळून काम झाले की काय झाले ते परत कळवा. ज्यांनी मला असे कळवले, त्यांचा पुढचा फोन मी मध्यरात्रीही घेतला आहे.

उपकरणे विकणाऱ्यांकडूनही शिकायला मिळते आणि त्यांना मी कमी लेखत नाही. त्यांच्या अभियंत्यांना त्या उपकरणांचे बारकावे ठाऊक असतात, मार्ग-नियोजनाची त्यांची साधने चांगली असतात आणि काही तर विनामूल्य असतात. पण ‘मला रेडिओ लागतोच का, किती लागतात, की इथे फायबरच टाकणे बरे’ हे प्रश्न त्यांना विचारण्यात अर्थ नाही. तुमच्यापुढच्या प्रस्तावात माझी मुख्य अडचण हीच आहे. तरीही तो पुढेमागे घ्यायचा झाल्यास आधी त्यांच्या दोन जुन्या ग्राहकांची नावे मागा, त्यांच्याकडे प्रत्यक्ष जा आणि रात्री नऊ वाजता तिथला वेग मोजा. नावे द्यायला ते कचरले तर बोलणे तिथेच थांबवा.

हिशेबाचे शिक्षण मी शेवटी लिहितो आहे, पण माझ्या पाहण्यात जे व्यवसाय बुडाले त्यांतले बहुतेक इथेच बुडाले. उमेदवारीच्या काळात एक आकडा स्वतः मोजा : गर्दीच्या तासात दर ग्राहकामागे सरासरी किती वाहतूक होते. समजा तो ३ मेगाबिट आला, तर १०० ग्राहकांसाठी ३०० मेगाबिटची अपस्ट्रीम जोडणी (मोठ्या सेवादाराकडून घ्यायची) आणि तेवढेच प्रत्यक्ष मनोऱ्यापर्यंत वाहून नेणारी बॅकहॉल लिंक लागेल, आणि वाढीसाठी वर थोडी जागाही ठेवावी लागेल. त्यावरून महिन्याचा खर्च निघतो. त्यात छताचे भाडे, वीज, बॅटऱ्या आणि दर दहा चालू रेडिओंमागे कपाटात ठेवायचा एक सुटा रेडिओ हे धरा. मग ग्राहकाच्या घरी बसवलेल्या उपकरणाचे पैसे त्याच्या मासिक शुल्कातून किती महिन्यांत सुटतात ते पाहा. नवीन जोडण्या जितक्या वेगाने वाढतात तितक्या वेगाने हातातली रोकड आटते, हे इंजिनियर माणसाला उलटे वाटते, म्हणून लेखापालाबरोबर एकदा तक्ता मांडून बसा. छोट्या व्यवसायांना मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी किंवा सहकारी संस्था बहुतेक ठिकाणी असतात. त्यांना रेडिओ कळत नाही, पण रोकडीचा हा तक्ता त्यांना चांगला कळतो.

राहिला सल्लागार. पहिल्या मनोऱ्याचा आराखडा तपासून घेण्यासाठी आणि पहिल्यांदा बीजीपी उभारताना सल्लागार घेणे शहाणपणाचे आहे. दोन्ही कामे क्वचित करावी लागतात आणि चूक महागात पडते. ज्याचे स्वतःचे नेटवर्क चालू आहे किंवा अलीकडेपर्यंत चालू होते असा माणूस निवडा. करार तासांवर न करता कामावर करा. आराखडा तुम्ही स्वतः आधी करा आणि त्याच्याकडून त्यातल्या चुका खोडून घ्या, कारण त्याने करून दिलेल्या आराखड्यातून तुम्ही फारसे काही शिकणार नाही. प्रत्येक राउटरचे पासवर्ड, कॉन्फिगरेशनच्या प्रती, डोमेनची मालकी आणि पत्त्यांची नोंद पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर असतील हे करारात लिहून घ्या. एका सल्लागाराने मध्येच काम सोडल्यामुळे स्वतःच्याच मुख्य राउटरमध्ये शिरता न आलेला सेवादार माझ्याकडे आला होता. राउटर पूर्ण पुसून सगळे नव्याने लिहीपर्यंत आम्हाला दीड दिवस लागला, आणि तेवढा वेळ त्याचे सगळे ग्राहक बंद होते.